लेकरांच्या हाती सुरी देण्याआधी जमिनीवरचा गरम गंज उचल

पत्र : मावशी, नमस्कार. आमचं गाव आर्वी तालुक्यात. घरी आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन लेकरं. मुलगी 10 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा. दोघांनाही स्वयंपाकात हात घालायची फार हौस. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे, शेतातून यायला मला दिवेलागण होते. परवा आले तर मुलीनं गॅस पेटवून चहा ठेवलेला आणि धाकटा विळीवर कांदा चिरत बसलेला. सासूबाई अंगणात तूर निवडत होत्या, त्यांना पत्ता नाही. माझ्या पोटात गोळाच आला. दोघांनाही रागावले. नंतर वाटलं, शिकायचं तर याच वयात शिकतील. मोबाईलवर लहान मुलांसाठी स्वयंपाकाचा एक रंगीत संच पाहिला. प्लॅस्टिकच्या सुऱ्या, छोटं लाटणं, टोपी, ॲप्रन, सगळं मिळून 899 रुपये. घ्यावा का? का दुसरं काही घ्यावं? सासूबाई म्हणतात, "पोरीले शिकव, पोट्ट्याले चुलीपाशी कायले बसवतं वं?" आमच्याकडे गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच होतं. घरात ओटा नाही.

उत्तर :

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. "घरात ओटा नाही." मला वाटतं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथून सुरू होतं, त्या रंगीत संचापासून नाही.

मी 7 वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आईनं वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरून उतरवून शेजारीच जमिनीवर ठेवला आणि ती भाकरी थापायला वळली. माझा धाकटा भाऊ माझ्याशी खेळत उलट्या पावलांनी मागे येत होता. तो त्या गंजात बसला. त्याच्या मांडीवरचे डाग आज पन्नाशीतही आहेत. त्या दिवशी त्याच्या हातात सुरी नव्हती, तो चुलीजवळही गेला नव्हता. फक्त एक गरम भांडं जमिनीवर होतं आणि एक लेकरू चालत होतं.

आपल्या गावाकडच्या स्वयंपाकघरात सगळा कारभार जमिनीवर चालतो. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, उतरवलेला गंज जमिनीवर, आणि लेकरंही जमिनीवरच. शहरातल्या ओट्याच्या घरांसाठी बनवलेल्या वस्तूंना हा धोका माहीतच नसतो. म्हणून सगळ्यात आधी एक उंच जागा कर. भिंतीला लागून विटांचा हातभर उंच चबुतरा, वर फरशीचा तुकडा किंवा शहाबादी. नाहीतर पाण्याचे हंडे ठेवतो तशी मजबूत घडवंची. चुलीवरून किंवा गॅसवरून उतरलेलं प्रत्येक भांडं तिथेच जायचं, मागे सरकवून, झाकण घालून. गॅसची शेगडी जमिनीवर असेल तर तीही अशाच, पण त्याहून उंच ओट्यावर चढव. शेगडी सिलिंडरच्या डोक्याहून उंच असायला हवी आणि सिलिंडर कायम उभा. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खालीच साचतो, आणि खाली लेकरं असतात.

मग चुलीभोवती एक रेघ काढ. सारवलेल्या जमिनीवर पांढऱ्या रांगोळीनं, चुलीपासून 3 फुटांवर. चूल पेटलेली असताना रेघेच्या आत फक्त मोठी माणसं. सांगून विसरणारी लेकरं डोळ्यांसमोरची रेघ विसरत नाहीत. रोज सकाळी ती रेघ तुझ्या मुलालाच काढायला लाव, त्याचं पहिलं काम तेच. रेघेची गरज आपल्याकडे जास्तच आहे, कारण आपण कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या जाळतो. जाड लाकूड एका जागी धुमसत राहतं. पऱ्हाटी भसकन पेटते, आणि जळत आली की तिचं बाहेरचं टोक तोल जाऊन खाली पडतं, निखाऱ्यासकट. ती आत सारायला लांब चिमटा ठेव आणि ते काम स्वतः कर. चूल विझली असं वाटतं तेव्हाही राखेखाली विस्तव बराच वेळ जिवंत असतो. शेतावर निघताना चुलीच्या तोंडाशी पत्रा किंवा जुनी पाटी आडवी लावून जा.

आता परवाच्या चहाबद्दल. 10 वर्षांच्या मुलीनं मोठं माणूस शेजारी नसताना विस्तव पेटवायचा नाही. यात मी सवलत देणार नाही, तूही देऊ नकोस, ती कितीही शहाणी असली तरी. शेतावर जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जा आणि लायटर, काडेपेटी वरच्या फळीवर ठेव. पण ती शाळेतून आल्यावर तिला भूक लागते, हेही तितकंच खरं. तिच्यासाठी विस्तवाशिवाय होणारं खाणं ठरवून ठेव. सातूचं पीठ डब्यात असेल तर गूळपाण्यात कालवायला तिला 2 मिनिटं लागतील. पोहे भिजवून दही-साखर. मोड आलेले मूग, टमाटर आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. कच्चा चिवडा. हे ती एकटी करू शकते, भावालाही खाऊ घालू शकते. आई यायच्या आत आपण काहीतरी तयार करून ठेवावं, एवढंच तिच्या मनात असेल. तिला रागावलीस ते भीतीनं, हे तिला एकदा जवळ घेऊन सांग.

विळीबद्दल. आपल्याकडे कुणी पावशी म्हणतं, पण वस्तू तीच. तिचं पातं वर उभं असतं, आणि चिरताना हात त्या पात्याकडे ढकलावा लागतो. पाटावर पाय दाबून ती स्थिर ठेवायला वजन लागतं, ते 6 वर्षांच्या लेकरात नसतं. विळी डगमगली की हात थेट पात्यावर जातो. शिवाय धावतं पोर अडखळून उभ्या विळीवर पडण्याची भीती वेगळीच. म्हणून घडीची विळी घे, काम झालं की लगेच पातं मिटव. घडीची नसेल तर तोंड भिंतीकडे करून उंच खिळ्याला टांग. मुलगी 13-14 वर्षांची झाली की विळी शिकव. मुलालाही तेव्हाच.

संचाबद्दल तू विचारलंस. घेऊ नकोस. त्यातल्या प्लॅस्टिकच्या सुरीनं केळं कापलं जाईल, उकडलेला आलू कापला जाईल, पण कच्च्या गाजरावर ती घसरते. सुरी घसरू लागली की लेकरू जोर लावतं, आणि जोर लावलेला हात कुठे जाईल याचा नेम नसतो. बोथट सुरी म्हणजे सुरक्षित सुरी, हा समज मोठ्यांचाही असतो. टोपी आणि ॲप्रननं तर काहीच साधत नाही. जुना सुती शर्ट उलटा घातला, बटणं पाठीमागे, की झालं ॲप्रन. फक्त सुतीच घाल. नायलॉनचा, चमकत्या कापडाचा फ्रॉक पेटला की वितळून अंगाला चिकटतो. मुलीची ओढणी काढून ठेव, वेणी बांध, बाह्या कोपरापर्यंत वर.

त्या पैशातून आठवडी बाजारातल्या भांड्याच्या दुकानात जाऊन तीनच वस्तू घे. पैसे उरतील.

पहिली म्हणजे नागमोडी पात्याचा कटर. आलूचे लहरदार काप करायला मिळतो तो. त्याची मूठ पात्याच्या वर असते, म्हणून दोन्ही हात वरूनच दाब देतात आणि बोटं पात्याच्या वाटेत येतच नाहीत. 6 वर्षांच्या मुलासाठी याहून चांगलं हत्यार मला माहीत नाही. त्याला भाजी देताना आधी तू ती उभी अर्धी कापून दे. काकडी, गाजर, आलू गोल असले की गडगडतात. सपाट बाजू खाली आली की भाजी जागची हलत नाही. कटरचा दाब जिथे पडतो तो पाट हलू नये म्हणून त्याखाली ओल्या फडक्याची घडी घाल. हे ओलं फडकं फुकटचं आहे आणि मी सांगितलेल्या सगळ्या वस्तूंत याचा उपयोग सगळ्यात जास्त आहे.

दुसरी वस्तू लहान, धारदार सुरी, पातं 3-4 इंचांचं, मूठ खरखरीत. ही मुलीसाठी. मोठी सुरी तिच्या हातात देऊ नकोस. लांब पात्याचं टोक कुठे आहे हे तिला दिसत नाही. भाजी धरणारा हात वाघाच्या पंजासारखा करायला शिकव, बोटांची टोकं आत वळलेली आणि अंगठा मागे. पहिले काही दिवस फक्त मऊ गोष्टी दे, केळं, पिकलेलं टमाटर, उकडलेला आलू. कांदा शेवटी, कारण डोळ्यात पाणी आलं की दिसत नाही, आणि न दिसता सुरी चालवणं वाईट. तुझ्या धाकट्यानं सुरुवातच कांद्यापासून केली, म्हणून माझ्या मनात धस्स झालं.

तिसरी वस्तू सोलणी. पातं आडवं असलेली, गुलेलीच्या आकाराची घे. ती उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी चालते. उभ्या पात्याच्या सोलण्यांना पुष्कळदा एकाच बाजूनं धार असते, आणि डावखुऱ्या लेकराला त्या उलट्या पडतात. मग लोक म्हणतात, पोराला जमत नाही. सोलताना भाजी पाटावर टेकवायची, हवेत धरायची नाही, आणि सोलणी नेहमी अंगापासून दूर जाईल अशी चालवायची.

बाकी जे लागतं ते तुझ्या घरात आहे. बोथट टोकाची कैची असेल तर ती धुऊन फक्त स्वयंपाकाला ठेव. सांबार, पालक, कांद्याची पात लेकरं कैचीनं फार सुंदर चिरतात, भांड्यातल्या भांड्यात. हिरव्या मिरचीलाही कैचीच. देठ धरून कापायची, बोट मिरचीला लावायचंच नाही. भिवापुरी मिरचीची पूड असो की हिरवी लवंगी, तो हात डोळ्याला लागला की लेकरू महिनाभर चुलीकडे फिरकणार नाही. मिरचीला हात लागलाच तर आधी हातांना तेल चोळायचं, मग ते साबणानं धुवायचे. नुसत्या पाण्यानं मिरची जात नाही.

खलबत्ता धाकट्याला दे. त्याच्या अंगात जेवढा जोर आहे तो सगळा तिथे कामी येईल. खाली पोत्याची घडी, खल दोन पायांच्या मधे. भाजलेले शेंगदाणे, जिरं, लसूण. ठेचा मात्र नको, तुकडे उडतात. किसणी वापरू दे, पण शेवटचा बोटभर तुकडा किसायचा नाही, तो किसणाऱ्यानं खायचा. आमच्या घरी हाच नियम होता आणि त्या तुकड्यासाठी भांडणं व्हायची, त्यामुळे कधी कुणाचं बोट किसलं गेलं नाही. मिक्सरचं भांडं लावणं-काढणं तुझ्याकडे. लेकरानं बटणसुद्धा तू शेजारी असतानाच दाबावं, आणि भांड्यात चमचा घालायच्या आधी पिन भिंतीतून काढलेली असावी.

आता सांडशीकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. घरातली सांडशी मोठ्या हाताच्या मापाची असते. लहान मुलीची मूठ त्या दोन्ही दांड्यांभोवती पुरती बसत नाही. तिला वाटतं आपण घट्ट धरलं, पण भरलेल्या गंजाचा काठ त्या जबड्यातून निसटतो. ही गोष्ट गरम भांड्यावर शिकायची नसते. अंगणात जा, गंजात गार पाणी भर, आणि तिला सांडशीनं तो उचलून चार पावलं चालायला लाव. आधी पाव गंज, मग अर्धा. पाणी सांडलं तर पाय ओले होतील, एवढंच. एक थेंबही न सांडता सलग आठवडाभर जमलं की मग घरात कोमट पाण्यानं. उकळतं भांडं मात्र तू उचलायचंस, तिची सांडशी कितीही पक्की झाली तरी, निदान 12 वर्षांपर्यंत. ओढणीनं किंवा पदरानं भांडं उतरवायची सवय तिला लागू देऊ नकोस. ती सवय ती तुझ्याकडूनच उचलेल, म्हणून आधी तू सोड. फडकं वापरायचं तर जाड, सुती आणि कोरडं. ओल्या फडक्यातून उष्णता लगेच आरपार येते आणि त्यातली वाफ बोटं भाजते.

गॅसवरचं ढवळायला लांब दांड्याचा सराटा, म्हणजे उलथनं, किंवा लाकडी डाव दे. लोखंडी, आखूड दांड्याचा उलथना गरम झाला की लेकरू तो हातातून फेकतं, आणि मग गरम तेलाचे शिंतोडे उडतात. ढवळणारं लेकरू तुझ्या आणि शेगडीच्या मधे नको, तुझ्या बाजूला हवं, म्हणजे तुझा हात आधी पोचेल. उंची कमी पडली तर प्लॅस्टिकचा स्टूल देऊ नकोस, तो कडेला वजन आलं की उलटतो. रुंद लाकडी पाट, आणि तो फक्त भाजी चिरायला, फोडणीसाठी नाही. फोडणी, तळण, कुकर, हे तिन्ही मोठ्यांचे. कुकरची वाफ पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात नाही, शिट्टी उचलून वाफ काढण्याची घाई नाही. वरण-भात लावताना कुकर अर्ध्याहून जास्त भरू नकोस. फेस वर येऊन वाफेची वाट बंद होते, आणि ते तुझ्याही बाबतीत खरं आहे.

तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही, हे दोघांनाही पाठ करून घे. कढईला बसेल असं जड झाकण चुलीजवळ हातात येईल असं ठेव. गॅस बंद, कढईवर झाकण, आणि मग हात लावायचा नाही. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काही करायचं नाही, दारं उघडून बाहेर पडायचं. गळतीसाठी 1906 हा नंबर चोवीस तास चालतो. तो भिंतीवर खडूनं लिहून ठेव, रुग्णवाहिकेच्या 108 च्या शेजारी. सिलिंडरची केशरी नळी कोणत्या सालची आहे तेही आजच पाहा. नळीवर छापलेलं असतं. 5 वर्षं झाली की बदलायचीच.

आणि भाजलंच कुणी, तर गार वाहतं पाणी. माठातलं चालेल, मोटारीचं चालेल, पण सलग 20 मिनिटं. बांगड्या, कडं, करदोडा सूज यायच्या आत काढ. हळद नको, टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फही नको. फोड फोडू नकोस. स्वच्छ सुती कापड सैल पांघरून दवाखान्यात ने. चेहरा, तळहात, सांधे, किंवा लेकराच्या स्वतःच्या तळहाताएवढी जागा भाजली असेल, तर घरी वाट पाहायची नाही. सासूबाईंना हे आधीच समजावून ठेव. आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या घरात भाजल्यावर सगळ्यात आधी डबा उघडतो तो हळदीचा, आणि तोही मायेनंच.

आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या कुणी सांगितली नसती. कपाशीवर फवारणीसाठी आणलेल्या औषधांचे डबे, टोपणं, मापं स्वयंपाकघरात येता कामा नयेत, कितीही धुतली तरी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. लेकरं खेळता खेळता छोटं टोपण मीठ मोजायला घेतात, कारण ते हातात छान बसतं. तशी टोपणं घरात आधी शोध आणि गावाबाहेर पुरून टाक. रॉकेल किंवा ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरलेलं असेल तर तेही आजच हलव. सरपणाच्या ढिगातून गोवरी काढायलाही लेकरांना पाठवू नकोस, साप-विंचू तिथेच दडतात. तू जा, आणि हातानं नाही, चिमट्यानं ओढ.

सासूबाईंचं म्हणणं राहिलं. त्यांना उलट उत्तर देऊ नकोस. पुढच्या रविवारी पाटवडी कर. बेसनाचं चून तू कढईत शिजव, थाळीत थापलेलं पीठ निवलं की त्याच्या वड्या नागमोडी कटरनं नातवाला पाडू दे, आणि पहिली वडी त्यांच्या ताटात त्याच्याच हातून वाढ. लहरदार कडांची पाटवडी त्यांनी आजवर खाल्ली नसेल.

बाजारात सांडशीही बदलायची असेल तर दुकानातच तपास. दोन्ही दांड्या धरून आडव्या हलव. मधला रिवेट खिळखिळा वाटला, जबडे एकमेकांवर नीट बसत नसले, तर घेऊ नकोस. मग मुलीच्या हातात दे आणि दुकानातला एखादा रिकामा गंज उचलून बघायला सांग. तिचा अंगठा बोटांना टेकतो का, ते पाहूनच पैसे दे.